टंच

अपडेट संपलं साडेअकराला
आणि पडद्याच्या माथ्यावर पिवळी पट्टी:
काही फाइली तपासणीत उतरल्या नाहीत.
काही म्हणजे किती, ते सांगत नाही.

विट्यात, मायणी रोडला,
खताच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये
एकेचाळीस घरं सांभाळतो मी.
त्रिचूरची, सेलमची, गुवाहाटीची, एक तर पार इंफाळचं.
सगळे गलाईवाले, सगळे इकडचेच,
लेंगरे, बलवडी, भाळवणी.
त्यांची बारशी, सातबारे, दुकानांचे करार,
गेलेल्या बापांचे आवाज.

यादी उघडली. तीनच ओळी.
एकीचा ठसा जुळत नाही.
एक असायला हवी, ती नाही.
एक नसायला हवी, ती आहे.

अकरा वर्षं कोइमतूरला चिमट्यात मूस धरली,
तेजाबाचा धूर छातीत भरून परत आलो.
हा जिना चढताना दोनदा थांबतो.
पण एवढं शिकलो:
वजन चुकलं की गिऱ्हाइकावर ओरडायचं नाही,
आधी आपला तराजू बघायचा.
डिस्कची तब्येत विचारली.
बरी आहे, म्हणाली.

नसलेली सोपी निघाली.
मघाशी मिनिटभर लाइट गेली होती, बॅटरी दमली होती,
तेवढ्यात ती वाटेत सांडली.
मूळ गठ्ठा पुन्हा उतरवला,
त्यातली तेवढी एक उचलून जागेवर ठेवली,
हक्क लावून दिले.

न जुळणारी, जुनी आणि नवी, शेजारी शेजारी मांडली.
दोनशे ओळींत एका आकड्याचा फरक.
बदलणारा मीच.
नामदेवअण्णांच्या पोराला लग्नाचं अख्खं शूटिंग चढवायचं होतं,
म्हणून मर्यादा वाढवलेली, चैत्रात.
मी विसरलो. यंत्र विसरलं नाही.
चांगल्यासाठी का वाईटासाठी, त्याला देणंघेणं नाही,
ते म्हणतं, हे ते नव्हे.
आकडा तिथून काढला,
बदलायची मुभा आहे त्या कागदावर लिहिला.

राहिली जास्तीची.
व्हायरस असेल म्हणून जपून उघडली.
सुयोगचं अक्षर म्हणवत नाही, टाइप केलेलं,
पण त्याचंच:
मामा, पंख्याला तेल घातलंय.
बॅटरीचं पाणी बघत जा.
पहाटेची गाडी आहे.
पासवर्ड बदला, माझ्याकडे ठेवू नका.

चौदा महिने झाले.
मूस धरायला जाऊ नको म्हणून
त्या रात्री नको ते बोललो होतो मी.
सकाळी चावी खतवाल्याकडे होती,
निरोप नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आलो.
होता. चुकीच्या कप्प्यात होता.

पुसायची म्हणून बोट नेलं आणि थांबलो.
हलवून माझ्या नावाखाली ठेवली.

पुन्हा तपासणी लावली.
यादी रिकामी. पट्टी गेली.
अडीच वाजले होते.

सकाळी त्रिचूरहून अण्णा:
रात्री बंद होतं म्हणं? आता समदं शुद्ध हाय ना?

हो, असं अगदी ओठावर आलं होतं.
पण ही तपासणी बघते ते यंत्राचे स्वतःचे कागद.
तुमच्या फोटोंचा, आवाजांचा ठसा
कुणी कधी घेतलेलाच नाही, अण्णा.
मूस साफ आहे, एवढंच ती सांगते.
आतल्या सोन्याचा टंच नाही.

पलीकडे भट्टीचा भाता.
मग म्हणाले, तात्यांचा आवाज लाव.

लावला. फोन स्पीकरशी धरला.
नाम्या, पोचलास का? जेवलास का?
आन् हे बघ
एकोणिसाव्या सेकंदाला किंचित खरखर,
मग पुढचं नीट.

हितं खोकायचे ते, अण्णा म्हणाले.
खोकला कुठाय रं?

थांबा, म्हणालो, मागची प्रत काढतो.
फोन ठेवू नका.